अप्पांना चालत नाही

सांगलीच्या आमराईत सकाळी पेन्शनरांच्या बाकावर जागा मिळवायची असेल, तर माणसाकडे एक आकडा लागतो. साखरवाल्याकडे उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा असे दोन असतात, म्हणून तो मध्यभागी बसतो. रक्तदाबवाल्याकडे वरचा आणि खालचा असतो. कोलेस्टेरॉलवाला जरा टोकाला, पण त्याच्याकडेही दशांश चिन्हासकट काहीतरी असतं. आमचे अप्पा मात्र कित्येक वर्षं बाकासमोर उभे होते. त्यांना ॲलर्जी होती, आकडा नव्हता.

तशी दर गल्लीत अशी एक व्यक्ती असतेच. अत्तराची बाटली उघडली की ती खुर्ची मागे सरकवते, कुणी घर रंगवायला काढलं की गाव सोडते आणि चहा पुढे केला की कपाऐवजी आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघून विचारते, "दूध कुठलं?" पण अप्पांनी या विषयाला जी कार्यालयीन शिस्त लावली, ती दुसऱ्या कुणाला जमली नसती. अप्पा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. रकाने पाच: अनुक्रमांक, पदार्थ अथवा वस्तू, प्रथम त्रासाचा दिनांक, त्रासाचे स्वरूप आणि शेरा. शेऱ्यात बहुतेक ठिकाणी 'कायम बंद' लिहून खाली सही केलेली. एकदा बंद झालेली वस्तू पुन्हा चालू करण्याचा अधिकार वहीत कुणालाच नाही, अप्पांनासुद्धा नाही.

नोंद क्रमांक एक म्हणजे वांगं. कृष्णाकाठी जन्म घेऊन वांगं बंद करायला काय धारिष्ट लागतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. त्याखाली उडीद, अननस, उदबत्ती, ऑइलपेंट, गुलाल, मेहुण्याच्या गाडीतला एसी, 'बाजारातून गहू आणून निवडणे' आणि 'माळा साफ करणे'. शेवटच्या दोन नोंदींपुढे काकूंनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय. ते अप्पांनी दोनदा खोडलं आणि काकूंनी तीनदा काढलं. वहीत श्रीखंड नाही. बासुंदी नाही. मूठमूठ शेंगदाणे घातलेलं भडंग नाही. अप्पांची प्रकृती या बाबतीत फार समंजस आहे.

गल्लीत मुंज ठरली की यजमान आचाऱ्याला यादी देण्याआधी अप्पांकडे जाऊन येतात. अप्पा वही वाचतात, यजमान उतरून घेतात, आणि कागद बघून आचारी विचारतो, "या गृहस्थांसाठी पाणी तरी कुठलं ठेवू?"

दम्याच्या संशयावरून अप्पा एकदा मृगाला हैदराबादलाही जाऊन आले. तिथे जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून मासाच गिळायला देतात. शाकाहाऱ्यांना तेच औषध गुळातून मिळतं. अप्पांनी गूळ घेतला. गुणाचं विचारलं तर म्हणाले, "गूळ उत्तम होता."

पण आकडा काही मिळत नव्हता. तो अचानक एका रविवारी मिळाला. कुठल्याशा प्रयोगशाळेचं शिबिर गावात आलं. बोटातून रक्ताचा थेंब द्यायचा, सवलतीच्या दरात पैसे भरायचे, आणि दोनशेवर खाद्यपदार्थांपैकी तुम्हाला काय चालत नाही, ते छापून घ्यायचं. अहवाल गुळगुळीत कागदाचा. हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग आणि प्रत्येक पदार्थापुढे एक आकडा. अप्पांनी तो लॅमिनेट केला आणि दुसऱ्या दिवशी आमराईत साखरवाल्याला सरकायला सांगून मधोमध बसले. त्याच्याकडे दोन आकडे होते, अप्पांकडे दोनशे.

"ब्लूबेरी मध्यम आहे," त्यांनी जाहीर केलं. "ॲस्परॅगस जपून. आणि ऑयस्टर अजिबात नाही."

मिरज ते कुपवाड या टापूत ऑयस्टर अप्पांवर कुठून चाल करून येणार होतं, हे कुणी विचारलं नाही. अडचण लाल रकान्याची होती. त्यात तांदूळ, गहू, दूध, तूरडाळ आणि शेंगदाणा बसले होते. शेंगदाण्याचं कूट वगळून सांगलीच्या स्वयंपाकघरात फक्त भांडी उरतात. काकूंनी चार दिवस राजगिरा, शिंगाडा आणि वरीवर काढले. पाचव्या दिवशी त्यांनी पुण्याला सुनेला फोन करून सांगितलं, "यांचा उपास मी सोडवू शकत नाही. तू ये, नाहीतर डॉक्टर शोध." सुनेनं डॉक्टर शोधला. मिरजेत, अर्थातच. सांगलीकराला सर्दी झाली तरी दुसरं मत मिरजेतच घ्यावं लागतं. गाडी माझी होती, म्हणून पुढचं सगळं मला बघायला मिळालं.

डॉक्टर तिशी-पस्तिशीच्या एक बाई होत्या. अप्पांनी टेबलावर वही ठेवली, वहीवर लॅमिनेट केलेला अहवाल ठेवला आणि विजयी मुद्रेनं मागे टेकले. बाईंनी दोन्ही बाजूला सारले.

"काका, हे नंतर बघू. आधी सांगा, वांगं खाल्ल्यावर नेमकं काय होतं?"

"त्रास."

"कसला?"

"वांग्याचा."

"म्हणजे अंगावर गांधी उठतात? ओठ सुजतात? उलटी, धाप?"

"घशात एक प्रकारचं होतं."

"खाल्ल्यावर किती वेळानं?"

"ते वांग्यावर अवलंबून."

"वाढायच्या आधी होतं," काकू म्हणाल्या.

"शेवटचं कधी खाल्लंत?"

अप्पांनी वही उघडली. "राजीव गांधी पंतप्रधान होते."

बाई हसल्या नाहीत. लिहीत राहिल्या. अर्धा तास त्या नुसतं विचारत होत्या. शिंका कधी येतात? सकाळी उठल्याउठल्या. किती वेळ? डोळे खाजतात का? झोपता कशावर? घरात ओल आहे का? २०१९च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं? झुरळं आहेत का? या प्रश्नावर काकूंनी मान ताठ करून "नाहीत" म्हटलं आणि अप्पांनी त्याच वेळी "आहेत" म्हटलं. कुठली गोळी घेता? सेट्रिझिन. किती दिवस? या प्रश्नाला वही लागली.

मला वाटलं होतं, डॉक्टर आल्याआल्या सुई काढतील. बाईंनी समजावलं ते वेगळंच होतं. ॲलर्जीचं निदान निम्म्याहून अधिक या प्रश्नोत्तरांतच होतं. काय खाल्लं, किती वेळानं झालं, काय झालं आणि दर वेळी होतं का, एवढं नीट कळलं तर कशाची तपासणी करायची ते ठरतं. खाण्याची खरी ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते आणि पुन्हा खाल्लं की पुन्हा दिसते. हे न विचारता सरसकट शंभर गोष्टी तपासल्या, तर चार-दोन ठिकाणी खोटा होकार हमखास येतो आणि माणूस आयुष्यभर विनाकारण एखादा पदार्थ सोडून बसतो. ॲलर्जीची तपासणी ही फक्त साक्षीदार असते. फिर्याद काय आहे तेच ठाऊक नसेल तर साक्ष घेऊन करायचं काय?

"आणि हा अहवाल?" अप्पांनी लॅमिनेशनवर बोट टेकवलं.

बाईंनी तो उजेडात धरला. "काका, ॲलर्जीत रक्तातलं आयजीई नावाचं प्रतिद्रव्य कामाचं. यांनी मोजलंय आयजीजी. आपण जे रोज खातो त्याची ओळख शरीर आयजीजीनं ठेवतं. ती आजाराची खूण नव्हे. असल्या तपासण्यांवरून खाण्याची ॲलर्जी ठरवू नका, असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ सालीच सांगितलंय. लाल रकान्यात भात, पोळी, आमटी, दूध, शेंगदाणा. या कागदावरून एवढंच सिद्ध होतं, की तुम्ही सांगलीत राहता आणि दोन वेळा जेवता."

काकूंनी तिथल्या तिथे पर्समधला राजगिऱ्याचा लाडू काढून मला दिला.

मग पेनिसिलीन निघालं. अप्पांच्या फायलीवर लहानपणापासून लाल शाईत लिहिलेलं होतं. झालं काय होतं? औषध घेतल्यावर पोट बिघडलं होतं. बाई म्हणाल्या, अशी नोंद असलेल्या लोकांना नीट तपासलं, तर दहातल्या साधारण नऊ जणांना ते औषध बिनधोक चालतं. पोट बिघडणं हा औषधाचा दुष्परिणाम, ॲलर्जी नव्हे. आणि खोट्या नोंदीमुळे पुढे उगाच जास्त जहाल, जास्त महाग औषधं द्यावी लागतात. त्याची तपासणी पुढे सवडीनं करायचं ठरलं. अप्पांचा चेहरा उतरला. एकाच बैठकीत दोनशेएक नोंदींवर गदा आली होती.

तेवढ्यात त्यांना पित्त आठवलं. संध्याकाळी अंगावर पित्त उठतं, काकू आमसुलाचं पाणी लावतात आणि घोंगडी पांघरून निजवतात. हे तरी? बाईंनी सांगितलं, सहा आठवड्यांहून जास्त काळ येत-जात राहणारं पित्त बहुतेक वेळा बाहेरच्या कुठल्याच पदार्थामुळे नसतं. शरीर ते आपलं आपणच उठवतं. त्यासाठी पदार्थांच्या मागे धावू नका. गोळीनं ते आटोक्यात राहतं.

"आपलं आपणच?" अप्पा पुटपुटले. स्वतःचीच नोंद वहीत कोणत्या अनुक्रमांकावर करायची, असा पेच त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

पुढची तारीख मिळाली. अटी दोन. एक, सात दिवस सेट्रिझिन बंद, कारण ती गोळी पोटात असली की त्वचा खरं बोलत नाही. दोन, येताना एक कच्चं वांगं आणायचं.

त्या सात दिवसांबद्दल फार लिहीत नाही. गल्लीतल्या दोन घरांनी सकाळचा गजर लावणं बंद केलं. अप्पांची पहिली शिंक पावणेसहाला व्हायची.

वांगं काकूंनी स्वतः मंडईतून आणलं. काटेरी देठाचं, चमकदार, कोवळं. इतक्या वर्षांनी नवऱ्यासाठी वांगं निवडायला मिळालं म्हणून की काय, त्यांनी चार गाडे पालथे घातले. गाडीत ते मागच्या सीटवर काकूंच्या मांडीवर होतं. अप्पा पुढे, नाकाला रुमाल लावून. अर्ध्या वाटेपर्यंत त्यांनी काच खाली ठेवायला लावली.

त्वचेवरची टोचणी बघायला फार साधी असते. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, पेनानं आकडे लिहिले. प्रत्येक आकड्याशी एकेका अर्काचा थेंब: घरातली धूळ, झुरळ, बुरशी, गवताचे पराग, गाजरगवत आणि काही खाद्यपदार्थ. प्रत्येक थेंबातून त्वचेला हलकीशी टोच, रक्त न येईल इतकी. वांग्याचा तयार अर्क वापरण्याऐवजी सिस्टरनं तीच टोचणी आधी वांग्यात खुपसली आणि मग अप्पांच्या हातात.

"देठाकडून घ्या," अप्पांनी सूचना केली. "ताकद तिथे असते."

शिवाय दोन थेंब वेगळे होते. एक हिस्टामिनचा, तिथे गांध उठलीच पाहिजे. नाही उठली तर त्वचा गोळीच्या अंमलाखाली आहे. दुसरा साध्या मिठाच्या पाण्याचा, तिथे काही उठता कामा नये. उठलं तर या माणसाच्या त्वचेला नुसतं बोट लावलं तरी फुगायची सवय आहे. मला ही व्यवस्था फार आवडली. अप्पांच्या वहीत अशा दोन ओळी पहिल्यापासून असत्या, तर ती पाच पानांत संपली असती.

मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, खाजवायचं नाही. तेवढ्या वेळात अप्पांनी बाईंना विचारलं, हा प्रकार शोधला कुणी? बाई गप्पिष्ट निघाल्या. मँचेस्टरला चार्ल्स ब्लॅकली नावाचा डॉक्टर होता. त्याला स्वतःलाच दर उन्हाळ्यात शिंका यायच्या. त्यानं आपल्याच हातावर ओरखडा काढून त्यात गवताचे पराग चोळले आणि उठलेली गांध बघितली. हवेत उंचावर पराग असतात का हे पाहायला चिकट काचा बांधून पतंग उडवले. १८७३ साली सगळं पुस्तकात छापलं. पुढे १९२१ साली ब्रेस्लाऊला प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर असे दोघे होते. क्युस्टनरला मासे चालत नव्हते. प्राउस्निट्झनं त्याच्या रक्तातला द्रव आपल्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला, आणि मासे पचवणाऱ्या माणसाच्या अंगावर तिथे गांध उठली. म्हणजे दोष रक्तातल्या कशात तरी आहे, एवढं कळलं. ते काहीतरी म्हणजेच आयजीई. ते सापडायला १९६६-६७ उजाडलं. डेन्व्हरला इशिझाका नवरा-बायको आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिच, दोन्हीकडे जवळपास एकदमच.

अप्पांनी हे तल्लीन होऊन ऐकलं. "म्हणजे माझं रक्त दुसऱ्याला दिलं तर…"

"पूर्वी करायचे. आता नाही करत. त्यातून रोग पसरायचे."

"मेहुण्याला दिलं असतं," अप्पा म्हणाले.

वेळ झाली. बाई पट्टी घेऊन आल्या. मिठाच्या पाण्याची जागा कोरी. हिस्टामिनची फुगलेली. निव्वळ पाण्यापेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त फुगवटा असेल तर होकार धरायचा, असा नियम. बुरशी, काही नाही. पराग, काही नाही. गाजरगवत, काही नाही. वांगं, काही नाही. अप्पांनी चष्मा पुसून वांग्याची जागा जवळून पाहिली, बोटानं चाचपली आणि सिस्टरकडे संशयानं बघितलं.

धूळ मात्र सात मिलिमीटर. झुरळ चार. आणि कोळंबी, तीन.

खोलीत शांतता पसरली. अप्पांच्या घराण्यात सात पिढ्या अंड्याला शिवलेल्या नाहीत. काकू हळूहळू अप्पांकडे वळल्या.

"एकोणऐंशी साली मालवणला ऑफिसची ट्रिप गेली होती," त्या म्हणाल्या.

"मी सोलकढी प्यालो!"

"फक्त?"

बाईंनी संसार वाचवला. धुळीत डस्ट माइट नावाचे किडे असतात, मिलिमीटरच्या पाव-तृतीयांशाएवढे, डोळ्यांना सहसा न दिसणारे. आपल्या अंगाची गळलेली कातडी खाऊन ते गादी-उशीत राहतात. या किड्यांच्या, झुरळांच्या आणि कोळंबीच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं, आणि तिघांचं एकमेकांशी फार जुळतं. ज्याचं शरीर किड्यांवर चिडलेलं आहे, त्याची त्वचा कधी न खाल्लेल्या कोळंबीलाही हात वर करते. तपासणीचा होकार म्हणजे आजार नव्हे, तो हा असा. होकाराला हकिकतीची जोड लागते. कोळंबीची हकिकत नाही, म्हणून ती नोंद सोडून द्यायची. धुळीची आहे: सकाळच्या शिंका, अंथरुणातून उठताना, माळ्यावरची ट्रंक उघडली की. म्हणून ती धरायची. आणखी एक: गांध मोठी म्हणजे आजार जोरात, असं नाही. गांध मोठी म्हणजे निदानाची खात्री जास्त, इतकंच.

हे शेवटचं अप्पांच्या कानांत शिरलं नाही. कारण बाईंनी गांधीभोवती पेन फिरवून, त्यावर चिकटपट्टी लावून, तो आकार कागदावर उतरवून घेतला होता.

"सात?" अप्पांनी विचारलं. "मिलिमीटर? याची एक प्रत मिळेल?"

वांग्याचं प्रकरण एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण अप्पा ऐकेनात. त्वचा काहीही म्हणो, घशात एक प्रकारचं होतंच. मग बाईंनी शेवटचा उपाय काढला, जो या विषयातला अंतिम निवाडा मानतात: प्रत्यक्ष खाऊन बघणं. तेही दोन्ही बाजू अंधारात ठेवून. दोन वेगवेगळ्या दिवशी इस्पितळात आमटी द्यायची. एका दिवशी तीत वांगं शिजवून, गाळून घातलेलं, दुसऱ्या दिवशी दुधी. रंग, वास, चव एकच. कुठल्या दिवशी काय, हे फक्त आहारतज्ज्ञ बाईंना आणि त्यांनी बंद केलेल्या पाकिटाला ठाऊक. अप्पांना नाही आणि डॉक्टरांनाही नाही. चमच्याचमच्यानं मात्रा वाढवायची, मध्ये थांबायचं, नाडी, रक्तदाब, छाती बघत राहायचं. उशाशी ॲड्रिनलीनचं इंजेक्शन तयार. हे घरी करून बघायचं काम नव्हे, असं बाईंनी माझ्याकडे बघून दोनदा बजावलं. मी एखाद्याला गुपचूप वांगं चारीन असं त्यांना का वाटलं, कळलं नाही.

पहिल्या दिवशी दुसऱ्याच चमच्याला अप्पांचा घसा आवळला. डोळे मिटले. काकूंचा हात हातात घेतला. इन्शुरन्सचे कागद कुठे आहेत ते सांगितलं. नाडी ठीक, दाब ठीक, छाती मोकळी, अंगावर एक गांध नाही. दुसऱ्या दिवशी सगळी वाटी संपली आणि अप्पांनी विचारलं, "थोडी अजून मिळेल का? आज फोडणी छान बसलीय."

पाकीट फोडलं. पहिला दिवस दुधीचा. दुसरा वांग्याचा.

आता अप्पा काय म्हणतील, याची मी वाट बघत होतो. त्यांनी खिशातून पेन काढलं, वही उघडली आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे दुधीची आहे."

"दुधी आठवड्यातून तीनदा खाता!" काकू ओरडल्या.

"म्हणूनच तब्येत अशी."

डॉक्टरांनी डोकं धरलं. तेव्हा खाली गेलेली त्यांची नजर वर आली ती काकूंच्या कपाळावर. टिकलीच्या जागी, टिकलीपेक्षा जरा मोठा, पांढुरका डाग होता. कधीपासून? "असेल पाच-सहा वर्षं." खाज येते? "येते. रात्री काढून ठेवते." कुणाला दाखवलं? काकू म्हणाल्या, "यांचंच दाखवून होत नाही."

त्यांना शेजारच्या त्वचारोग विभागात पाठवलं. तिथली तपासणी वेगळी. टोचणी नाही. पाठीवर छोट्या छोट्या कप्प्यांच्या पट्ट्या चिकटवायच्या, प्रत्येक कप्प्यात एकेक संशयित: दागिन्यांतलं निकेल, केसांच्या कलपातलं रसायन, रबर, सुगंधी द्रव्यं, गाजरगवत. ४८ तास पट्ट्या भिजवायच्या नाहीत. काढल्यावर एकदा बघायचं आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा, कारण ही ॲलर्जी आयजीईची नव्हे, पांढऱ्या पेशींची, आणि त्या सावकाश हालचाल करतात. ही रीत यादासोन या जर्मन डॉक्टरनं १८९५ साली मांडली. गाजरगवत भारतातल्या यादीत मुद्दाम घातलंय. १९५०च्या दशकात पुण्याकडे नोंदलं गेलेलं हे गवत आता रानोमाळ आहे आणि कित्येक शेतकऱ्यांचे चेहरे त्यानं काळवंडले आहेत.

काकूंच्या पाठीवर एकच कप्पा लालभडक उठला. टिकलीच्या गोंदातलं रसायन. नाव पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल.

आजवर मी अप्पांना रागावलेलं पाहिलंय, रुसलेलं पाहिलंय. मत्सर करताना प्रथमच पाहिलं. दोन दिवस पाठीवर पट्ट्या, अंघोळीला बंदी, सून पुण्याहून हजर, आणि निघालं काय, तर ज्याचं नाव एका दमात म्हणता येत नाही असं रसायन! "हिला कधी काही होत नव्हतं," ते मला जिन्यात म्हणाले. ते खरं नव्हतं. काकूंना होत होतं; काकू सांगत नव्हत्या. त्यांनी टिकली सोडली, कुंकू लावतात, खाज थांबली. वही लागली नाही.

अप्पांचा उपाय खरं तर सोपा होता. गादीला किडे न शिरणारा अभ्रा, चादरी आठवड्याला साठ अंशांच्या पाण्यात, नाकात फवारा. गरज पडलीच, तर तीन-चार वर्षांची लसीकरणाची इंजेक्शनं, जी लंडनच्या लेनर्ड नूननं १९११ साली पहिल्यांदा परागांवर वापरली. पण गादी अप्पांच्या लग्नातली, पिंजाऱ्याकडून वेळोवेळी पिंजून घेतलेली. आणि वर पांघरायला आईच्या लुगड्यांची वाकळ. आयुष्यभर वांग्याला, उडदाला, मेहुण्याच्या एसीला दोष देणाऱ्या अप्पांचा खरा वैरी त्यांच्या अंगाखाली निजत होता, आणि तो मात्र त्यांना प्रिय होता. "वाकळ जाणार नाही," ते म्हणाले. शेवटी तडजोड झाली. गादी गेली, वाकळ बंबातल्या कढत पाण्यात निघाली. शिंका पुष्कळ कमी झाल्या. तरी आमराईत 'सात मिलिमीटर'चा कागद अजून फिरतो आणि बाकावरची जागा पक्की आहे.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण अप्पांच्या वहीनं आमच्या गल्लीत एक नुकसान केलं. पलीकडच्या वाड्यात नवीन बिऱ्हाड आलंय. त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. खरी. कूट घातलेल्या कोशिंबिरीचा घास पोटात गेला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली आणि श्वास घरघरायला लागला. मांडीत वेळेवर ॲड्रिनलीन मिळालं म्हणून वाचला. त्याची आई एका बारशाला विचारायला गेली, की आमटीत कूट आहे का. यजमानबाई हसून म्हणाल्या, "आला का अजून एक अप्पा!" आणि आमटीत कूट आहे की नाही, ते सांगायला विसरल्या.

हा माझा अप्पांवरचा एकमेव आक्षेप. त्यांनी वांगं सोडलं, त्यात वांग्याचं काही गेलं नाही. पण ज्या तक्रारीवर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो, ती त्यांनी गावात स्वस्त करून ठेवली.

म्हणून वाचकहो, एवढंच करा. काही खाऊन त्रास झाला, तर काय खाल्लं, किती वेळानं आणि नेमकं काय झालं, हे तीन रकाने लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. शेऱ्याचा रकाना त्यांच्यासाठी कोरा सोडा. दोनशे पदार्थांचे रंगीत अहवाल विकत घेऊ नका. आणि कुणाची आई तुमच्या दारात येऊन विचारेल की आमटीत शेंगदाण्याचं कूट आहे का, तर हसू नका. आहे की नाही, ते खरं सांगा.